एकटा माणूस, अख्खी चाळ

आजकाल आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री साडेअकरानंतर कुठल्याही मजल्यावरून चक्कर मारा. तीनपैकी एका रूममधून तरी स्टँड-अप कॉमेडीचा आवाज येत असतो. कुणी हिंदीतला ऐकतोय, कुणी इंग्रजीतला, कुणी आता मराठीतलाही. एक माईक, एक स्टूल, पाण्याची बाटली आणि समोर तीनशे पब्लिक! एकटा माणूस तासभर बोलतो आणि लोक तिकीट काढून ऐकतात, हे काहीतरी भारी नवीन प्रकरण आहे असं आपल्या पिढीला वाटतं. तेव्हा बाबांच्या पिढीतला कुणीतरी शांतपणे म्हणतो की हे सगळं आमच्या भाईने कधीच करून ठेवलंय. आपण मान डोलावतो आणि हेडफोन परत कानात घालतो.

तर हा लेख त्या भाईवर आहे. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, म्हणजेच पु. ल., म्हणजेच पुलं. त्यांना जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. मी त्यांचा पंखा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कौतुक जास्त झालं तर तक्रार नको! पण पंख्यानेही थोडा हिशेब मांडायला हवा. हसवणारा माणूस म्हणजे नेमकं काय काम करतो, त्याची किंमत कोण मोजतं आणि गंभीर वेळ आली की तो कुठे उभा राहतो, हे प्रश्न पुलंच्या आयुष्याकडे बघितल्याशिवाय सुटत नाहीत.

जन्म ८ नोव्हेंबर १९१९, मुंबईचा. बालपण जोगेश्वरीत आणि मग पार्ल्यात. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लिहायचे आणि त्यांनी रवींद्रनाथांची गीतांजली मराठीत आणली होती. म्हणजे घरात पुस्तकं होती, गाणं होतं, पेटी होती. नव्हता तो पैसा. वडील कागदाच्या कंपनीत फिरतीच्या नोकरीला होते. पुलं विशीत असतानाच ते गेले आणि घराचा भार ह्या मुलावर आला. मग सुरू झालं ते आपल्याकडे ज्याला ‘मिळेल ते काम’ म्हणतात ते. गाण्याच्या शिकवण्या, सरकारी कचेरीत कारकुनी, ओरिएंट हायस्कूलमध्ये मास्तरकी. शिक्षणही एका जागी नाही. इस्माईल युसुफ कॉलेज, मुंबईचं लॉ कॉलेज, पुण्याचं फर्ग्युसन, सांगलीचं विलिंग्डन. आपल्यातल्या ज्यांचं गाडं चौथ्या सेमिस्टरच्या केटीत अडकलंय त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की सरळ रेषेत न जाणारी माणसंही कुठेतरी पोचतात. (पण म्हणून एम-थ्री सोडू नका!)

ओरिएंट हायस्कूलमध्येच त्यांना सुनीता ठाकूर भेटल्या, त्याही तिथे शिक्षिका होत्या. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीला दोघांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं. ही तारीख लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

पुढची दहा वर्षं पुलंनी काय केलं यापेक्षा काय केलं नाही हे सांगणं सोपं आहे. नाटकात कामं केली. ‘तुका म्हणे आता’ हे नाटक लिहिलं. बेळगावला राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापकी केली. गोगोलच्या रशियन नाटकावरून ‘अंमलदार’ केलं. सिनेमात शिरले आणि १९५३ साली आलेल्या ‘गुळाचा गणपती’मध्ये कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि वर नायकाची भूमिका, सगळं एकट्याने! आपल्याकडे चौघांच्या ग्रुपमध्ये एकच जण प्रोजेक्ट करतो आणि बाकीचे तिघे व्हायव्हाला येतात, तसं काहीसं. फरक एवढाच की इथे बाकीचे तिघे मुळात नव्हतेच. त्याच वर्षीच्या ‘देवबाप्पा’ सिनेमातलं मोराला नाचायला सांगणारं गाणं आपण सगळे बालवाडीत म्हटलेलं आहे. त्याची चाल ह्याच माणसाची.

१९५५ साली ते आकाशवाणीत गेले. तिथून बीबीसीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात झाली तेव्हा भारतातल्या टीव्हीच्या अगदी पहिल्या निर्मात्यांमध्ये पुलं होते आणि पंडित नेहरूंची टीव्हीवरची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. सरकारी नोकरी, दिल्लीचं वास्तव्य, पंतप्रधानांशी ओळख. साठ सालच्या मध्यमवर्गीय मराठी माणसाला याच्यापुढे स्वप्न नव्हतं. आपल्या घरच्यांना विचारा, आजही फारसं नाही!

आणि चाळिशी ओलांडताना ह्या गृहस्थाने नोकरी सोडली. कशासाठी? तर स्टेजवर एकट्याने उभं राहून एका चाळीच्या गोष्टी सांगण्यासाठी.

‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ चं. १९६१ पासून पुलंनी त्याचे एकपात्री प्रयोग केले. तेव्हा स्टँड-अप हा शब्द इथे कुणाला माहीत नव्हता, त्यांनी त्याला बहुरूपी खेळ म्हटलं. शब्द अगदी बरोबर होता. आपल्या गावांमधून बहुरूपी फिरायचे, कीर्तनकार उत्तररंगात एकटाच राजा, राणी आणि प्रधान व्हायचा, तमाशातला सोंगाड्या सरदारांची फिरकी घ्यायचा. तिकडे विलायतेत चार्ल्स डिकन्स स्वतःच्या कादंबऱ्यांतली पात्रं स्टेजवर वाचून दाखवत गावोगाव फिरला होता. म्हणजे एकट्याने अनेक होण्याची कला जुनीच. पुलंनी ती उचलून मुंबईच्या कॉमन गॅलरीत आणून ठेवली.

आता जरा टेक्निकल बोलूया, इंजिनिअरिंगचा अंक आहे शेवटी. स्टेजवर एक माणूस आहे. त्याला एकाच वेळी वजन कमी करण्यासाठी उपास करणारे पंत व्हायचंय, त्यांची बायको व्हायचंय आणि फुकट सल्ले द्यायला जमलेले शेजारीही व्हायचंय. वेष बदलायला वेळ नाही, मेकअपला वेळ नाही. चॅनल एकच, सिग्नल पंचवीस. आपण ज्याला टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणतो ते पुलं आवाजाच्या पट्टीने, मानेच्या एका झटक्याने आणि बोलीच्या फरकाने करायचे. कोकणातला हेल वेगळा, बेळगावकडचा वेगळा, पुणेरी ठसका वेगळा, पारशी मराठी वेगळं. ऐकणाऱ्याला कोण बोलतंय हे सांगावं लागत नाही. ‘म्हैस’ ऐका. कोकणातून मुंबईला निघालेल्या एसटीला म्हैस आडवी येते, एवढीच गोष्ट. तेवढ्यात गाडीतले उतारू, ड्रायव्हर, म्हशीचा मालक, पुढारी, पोलीस असं अख्खं गाव गोळा होतं आणि हे सगळे एकाच घशातून बाहेर पडतात. डोळे मिटून ऐकलं तर शपथेवर सांगतो, तिथे एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही.

आणि ह्या सगळ्यात सुराची जाण होती. पुलं पेटी उत्तम वाजवायचे. थोरामोठ्या गवयांच्या मैफलींत ते रमायचे, कुमार गंधर्व, भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे हे त्यांचे जिवलग. समेवर यायचं कधी आणि एक मात्रा थांबायचं कधी हे ज्याला कळतं त्याला विनोदाचं टायमिंग वेगळं शिकवावं लागत नाही. आजच्या चांगल्या कॉमेडियनकडे बघा, हशा ओसरायला लागला की नेमका पुढचा शब्द येतो. ते लयीचंच काम आहे.

आता विनोदाबद्दल. आपल्याला आज चांगला कॉमेडियन म्हणजे कुणाला तरी सोलून काढणारा असं वाटतं. पहिल्या रांगेत बसलेल्याची नोकरी, त्याचं टक्कल, शेजारी बसलेली मैत्रीण. पुलं फिरकी सगळ्यांची घ्यायचे, मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर कुणालाच सोडलं नाही. पण ज्याच्यावर हसायचं त्याच्या शेजारी बसून हसायचं, ही त्यांची रीत होती. ‘व्यक्ती आणि वल्ली’ उघडा. लग्नघरात सगळ्यांची कामं करून शेवटी कोपऱ्यात झोपून जाणारा नारायण, पुस्तकी मराठी बोलणारा सखाराम गटणे, इतिहासात जगणारे हरितात्या, रत्नागिरीच्या आळीत बसून जगाला टोमणे मारणारा अंतू बर्वा. अंतूशेठच्या प्रत्येक वाक्याला आपण हसत असतो आणि हसता हसता शेवटी कळतं की हा म्हातारा किती एकटा आहे. चितळे मास्तरांच्या गोष्टीत शाळेतल्या गमतीजमती चालू असतात आणि गोष्ट येऊन थांबते ती मास्तरांच्या झिजलेल्या वहाणांवर. तिथे हसू येत नाही. ह्या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

(जाता जाता, आपल्या हॉस्टेलमध्येही एक नारायण आहे. गॅदरिंगला खुर्च्या तोच मोजतो, मांडववाल्याशी तोच भांडतो, जेवणाच्या कूपनांचा हिशेब तोच लावतो आणि ग्रुप फोटोत कधीच नसतो. नाव सांगत नाही. गटणे मात्र किमान चार आहेत!)

‘बटाट्याची चाळ’सुद्धा नुसती हसवत नाही. उपास झाला, भ्रमणमंडळाची सहल झाली, खो खो हसून झालं की शेवटी येतं ते चाळीचं चिंतन. म्हातारी झालेली चाळ आपल्याच पोटात वाढलेल्या माणसांबद्दल बोलते. माणसं बरी जागा बघून निघून चाललीत, दारं बंद व्हायला लागलीत, आणि एकमेकांच्या सुखदुःखात नाक खुपसणारं ते जग संपत आलंय. आंबिवलीत राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. शहाड सोडलं की आपल्या स्टेशनावर उतरणाऱ्या कितीतरी घरांचं आयुष्य मोहन्याच्या रेयॉन कंपनीच्या भोंग्यावर चालायचं. कंपनी २००९ साली बंद पडली आणि कॉलनीतली बिऱ्हाडं एकेक करून हलली. ती कॉलनी ज्यांनी नांदती पाहिलीये त्यांना शेवटचं चिंतन ऐकवा आणि त्यांच्याकडे बघू नका, बाहेर बघा. हसवणाऱ्या माणसाने साठ वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलंय हे सांगूनही पटत नाही.

चाळीच्या पाठोपाठ १९६२ च्या सुमारास ‘वाऱ्यावरची वरात’ आली, मग ‘असा मी असामी’. नाट्यगृहाबाहेर रांगा लागायच्या. ‘तुझे आहे तुजपाशी’ आधीच गाजत होतं. पुढे बर्नार्ड शॉच्या नाटकावरून ‘ती फुलराणी’ झालं, ब्रेख्तवरून ‘तीन पैशाचा तमाशा’ झालं. ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ वाचून मराठी माणूस घरबसल्या परदेशात जाऊन आला. पन्नाशीच्या घरात असताना हा माणूस बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिला. पन्नाशीत नवी भाषा! आम्हाला विशीत ‘सी’ येत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. हाऊसफुल्ल प्रयोग चालू असताना पुलंनी ते थांबवले. लोक तिकीट मागतायत, पैसा येतोय, आणि हा माणूस म्हणतो की आता बास. साठच्या दशकाच्या मध्यात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान निघालं आणि प्रयोगांतून, पुस्तकांतून आलेला पैसा त्यातून बाहेर जायला लागला. कुठे शाळा, कुठे वाचनालय, कुठे प्रयोगशील नाटकवाले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याच्यामागे पुलं-सुनीताबाईंची देणगी होती. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना व्यसन म्हणजे काय आणि त्यातून एखादा मित्र कसा हातचा जातो हे वेगळं सांगायची गरज नाही. पुण्याच्या आयुकात शाळकरी मुलांसाठी विज्ञान शोधिका आहे, तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक तारा आणि त्या नावात पुलं लपलेले आहेत! तिलाही पैसा ह्याच प्रतिष्ठानचा. म्हणजे एका विनोदी लेखकाच्या पैशातून आज पोरं दुर्बिणीतून बघतायत आणि कचऱ्यातून खेळणी बनवून भौतिकशास्त्र शिकतायत.

आता जी गोष्ट सांगायची ती आमच्यासारख्या पंख्यांना जरा जड जाते. ही सगळी शिस्त पुलंची नव्हती, ती सुनीताबाईंची होती. करार वाचायच्या त्या, हिशेब ठेवायच्या त्या, प्रुफं तपासायच्या त्या, प्रयोग वेळेवर सुरू व्हावा म्हणून वाईटपणा घ्यायच्या त्या. भाई सगळ्यांचा लाडका आणि सुनीताबाई कडक, असा लौकिक. १९९० साली त्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं आणि महाराष्ट्राला धक्का बसला. ज्या माणसावर सगळे जीव टाकत होते त्याच्या घरातला बेफिकीरपणा, बायकोला गृहीत धरणं, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. प्रेमही होतं त्यात आणि तक्रारही. पुष्कळ पंखे रागावले. पण मला वाटतं ते पुस्तक वाचल्याशिवाय पुलं पुरते कळत नाहीत. हशा स्टेजवर एकाला मिळतो, त्याची उस्तवार विंगेत उभं राहणारं दुसरंच कुणीतरी करत असतं. आपल्या फेस्टमध्येही हेच चालतं, नीट बघा.

दुसरा आक्षेप असा घेतात की पुलंचं जग मध्यमवर्गाचं, पांढरपेशांचं. गिरणगाव, दलित वस्ती, शेतकरी त्यात फारसे येत नाहीत आणि जे गेलं त्याच्या आठवणीत हा लेखक जरा जास्तच रमतो. ह्यात तथ्य आहे. त्या जगाचं हसणं आणि रडणं दुसऱ्या लेखकांनी मांडलं. पुलंना जे माहीत होतं तेच त्यांनी लिहिलं. पण त्यांच्या नंतर तो रस्ता रुंद झाला हेही खरंच. मराठवाड्यातल्या लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने केलं, बावन्न पात्रं, बहुतेक खेड्यातली, त्या मातीच्या बोलीत, आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

राहिला शेवटचा प्रश्न. हसवणारा माणूस गंभीर वेळेला कुठे असतो?

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. लोक तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. सगळ्यांचे लाडके पुलं गप्प बसले असते तर कुणी काही म्हटलं नसतं, विनोदी लेखकाकडून कोण अपेक्षा करतं? पण १९७७ च्या निवडणुकीत ते प्रचाराच्या सभांत उभे राहिले. जयप्रकाश नारायण यांच्या तुरुंगातल्या डायरीचा मराठी अनुवाद त्यांनी केला. ज्या आवाजाने म्हैस आणि अंतू बर्वा उभे केले त्याच आवाजाने सरकारवर टीका केली, आणि हसणारी माणसं ते हसत हसत घरी घेऊन गेली. निवडणूक जिंकल्यावर मात्र ते परत आपल्या पुस्तकांकडे आणि पेटीकडे गेले. पद घेतलं नाही, कमिटी घेतली नाही.

वीस वर्षांनी परत तेच. युती सरकारने ‘महाराष्ट्र भूषण’ हा पुरस्कार सुरू केला आणि १९९६ साली पहिला मान पुलंना दिला. तोवर पद्मश्री, पद्मभूषण सगळं होऊन गेलं होतं, शरीर पार्किन्सन्सने थकलं होतं. दोन छान शब्द बोलून शाल घेऊन घरी जायला काहीच हरकत नव्हती. पण पुरस्कार देणाऱ्यांच्याच राज्यातल्या दांडगाईबद्दल त्यांनी नापसंती बोलून दाखवली. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे भडकले, जाहीर सभेत पुलंच्या नावावर कोटी करून झाली. महाराष्ट्रभर वाद पेटला. पुलंनी शब्द मागे घेतले नाहीत. म्हणजे एकदा काँग्रेसच्या सत्तेला, एकदा त्यांच्या विरोधकांच्या सत्तेला, दोघांनाही ह्या माणसाने जे वाटलं ते सांगितलं. आजच्या कॉमेडियनवर केस होते, शो रद्द होतात, तोडफोड होते, तेव्हा हे आठवावंसं वाटतं. विनोद करणारा घाबरला की आधी विनोद मरतो आणि मग ऐकणारेही हळूहळू हसायचे बंद होतात.

१२ जून २००० रोजी पुण्यात पुलं गेले. तारीख पाहिलीत? लग्नाचा बरोबर चोपन्नावा वाढदिवस. सुनीताबाई ७ नोव्हेंबर २००९ ला गेल्या, पुलंच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. एवढं जुळवून आणणं ‘गुळाचा गणपती’च्या पटकथाकारालाही जमलं नसतं.

आज प्रभादेवीला त्यांच्या नावाची कला अकादमी आहे, पुण्यात सिंहगड रोडला बाग आहे, २०१९ साली शताब्दीच्या वर्षात त्यांच्यावर दोन भागांत सिनेमाही येऊन गेला. ते सगळं ठीकच. पण बागेत जाऊन पुलं भेटत नाहीत, ऐकून भेटतात. आपल्या सीनिअर मंडळींच्या काळात एक सीडी हॉस्टेलभर फिरायची आणि ती परत मिळणं म्हणजे नशीब. आता फोनवर सगळं आहे, एका क्लिकवर.

म्हणून एक सुचवणी. पुढच्या वेळी सबमिशनच्या रात्री जर्नल लिहिताना काहीतरी लावायचंच असेल तर ‘रावसाहेब’ लावा. बेळगावच्या त्या शिवराळ, दिलदार माणसाची गोष्ट. एकट्याने हेडफोन घालून ऐकू नका, स्पीकरवर लावा आणि रूमचं दार उघडं ठेवा. पाच मिनिटांत शेजारच्या रूममधले दोघे दारात येऊन उभे राहतील, दहा मिनिटांत कॉटवर जागा उरणार नाही. शेवटी सगळे जरा गप्प होतील, कुणी उगाच पाणी प्यायला उठेल. जर्नल राहील अर्धवट, ते पहाटे एकमेकांचं बघून पूर्ण करता येतं. ते कसं करायचं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही!